‘बाबा’चं ‘मामा’ का होतं? दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरचं एक प्रकरण

ओठ शिवून साडेनऊ वर्षं झाली, टाळू शिवून आठ. फाइलमध्ये दोन्ही शस्त्रक्रियांपुढे ‘यशस्वी’ लिहिलेलं. तरी बीड जिल्ह्यातली ही दहा वर्षांची मुलगी साडेदहा ते पाच या शाळेच्या वेळात पाण्याचा घोट घेत नाही, आणि कुणी नाव विचारलं की उत्तर आजी देते. मुलीच्या नावाची सुरुवात ‘प’नं होते. तिला ‘प’ येत नाही.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. कुणा एका मुलीची ही फाइल नव्हे. डाव्या बाजूला ओठ, हिरडी आणि टाळू असा पूर्ण दुभंग असलेल्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलीच्या वाट्याला देऊन मांडल्या आहेत. खालचे गुणही त्या मांडणीतलेच. उपचारांचा क्रम, मुदती आणि होणाऱ्या चुका मात्र रोजच्या कामातल्या आहेत.

आधीची दहा वर्षं

आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघायचं, पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत. मूल जन्मलं तेव्हा स्तनपान जमेना. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही, बाळ चोखतं पण दूध येत नाही. आजीनं माळ्यावरचं बोंडलं काढलं आणि बाळाला उभं धरून थोडं थोडं दूध पाजलं. उपकरण अगदी योग्य होतं. वजन मात्र हळू वाढलं. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी १० आठवडे वय, १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन आणि १० ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा अजून वापरतात. ही मुलगी त्यात सातव्या महिन्यात बसली.

टाळूची शस्त्रक्रिया ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान व्हावी, कारण मूल त्याच सुमाराला बोलू लागतं. पहिली तारीख मिळाली ती ऐन हंगामात. उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी मोडून परत येणं शक्य नव्हतं. शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलगी सव्वादोन वर्षांची होती. तोवर तिनं उघड्या टाळूनं बोलायची स्वतःची रीत बसवली होती. तोंडात हवेचा दाब धरता येत नाही म्हटल्यावर मूल दाब घशातच अडवतं, आणि ‘काका’च्या जागी घशातून दोन खटके येतात. ही सवय शिवणीनं जात नाही.

घरात दोन गोष्टी घट्ट बसल्या होत्या. पहिली म्हणजे ग्रहणात आईनं विळीला हात लावला म्हणून असं झालं. वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. कारणं आनुवंशिक आणि भोवतालची अशी मिसळलेली असतात, विळी त्यात नाही. आईवडिलांना स्वतःला दुभंग नसेल तर पुढच्या भावंडाला तो असण्याची शक्यता शंभरात साधारण चार, हा आकडा आईला सांगितला. तो तिला दहा वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

दुसरी गोष्ट शब्दाची. मराठीत टाळू दोन. तोंडाच्या छताला टाळू म्हणायचं आणि तान्ह्या बाळाच्या माथ्यावरच्या मऊ जागेलाही टाळूच. ‘टाळूला भेग आहे’ हे ऐकून आजी वर्षभर बाळाची माथ्यावरची टाळू तेलानं भरत होती. त्यात नुकसान काही झालं नाही, पण ‘टाळूची काळजी घ्या’ या सूचनेचाही तिनं तोच अर्थ घेतला. ‘तोंडाच्या आतली टाळू’ एवढे दोन शब्द जास्त बोलायला काही पडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करतात; दुभंगलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेत. अडचण इतकीच की शिवलेला ओठ दिसला की ‘उपचार झालेले’ अशी नोंद करून पुढे जाणं फार सोपं. तोंड उघडायला लावून बॅटरी मारली आणि मुलाला चार शब्द बोलायला लावले, तरच उरलेलं दिसतं.

कुणाला काय हवं होतं

एप्रिलमध्ये तपासणी झाली. ‘एकच गोष्ट बदलायची तर कोणती?’ हा प्रश्न तिघांना वेगवेगळं बसवून विचारला. वडील म्हणाले, नाक. आई म्हणाली, नाक, उद्या लग्न जमवायचंय. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं बाटली तोंडाला लावल्याचा हात केला आणि नाकाकडे बोट दाखवलं.

पाणी नाकातून येतं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, डाव्या हिरडीलगत, साधारण ५ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद भोक उरलेलं. हिरडीतला दुभंग लहानपणी मुद्दाम उघडा ठेवतात, तिथं नंतर हाड भरायचं असतं. ते ‘नंतर’ कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते घरापर्यंत टिकलं नाही. शाळेतली खिचडी ती अशी खायची: छोटा घास उजव्या गालात, मान किंचित मागे, गिळून झालं की बाही नाकाला. पातळ वरण नाही, ताक नाही, नळाला ओंजळ लावणं तर नाहीच. डब्यातल्या पोळीची मऊ गोळी करून ती भोकात दाबायची आणि मग पाणी प्यायची, पण फक्त घरी.

जीवनमान मोजायला क्लेफ्ट-क्यू ही प्रश्नावली वापरली. ती १२ देशांतल्या रुग्णांवर पारखलेली असून ८ ते २९ वयासाठी आहे. चेहरा, नाक, ओठ, दात, बोलणं, बोलण्यामुळे होणारा मनस्ताप, शाळा, मैत्री, मनःस्थिती अशा स्वतंत्र पट्ट्या, प्रत्येकीला ० ते १०० गुण, जास्त म्हणजे चांगलं. खाण्यापिण्याची मात्र नुसती तपासयादी, तिला गुण नाहीत. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा नसतो, आणि तीच चूक सर्रास होते. या मुलीचे गुण: चेहरा ७१, ओठ ७०, नाक ६४, दात ३८, बोलणं ३०, बोलण्याचा मनस्ताप ३३, शाळा ४१. सरासरी काढली असती तर ‘मध्यम’ असा एक निरुपयोगी शब्द हाती लागला असता. सुटे गुण पाहिले की घरच्यांची पहिली मागणी तिच्या यादीत खाली आहे हे लगेच कळतं.

प्रश्न विचारायची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. आई शेजारी बसून वाचून दाखवते तेव्हा मूल आईकडे बघून उत्तर देतं. प्रश्न जागच्या जागी मनानं भाषांतर करून विचारायचे नाहीत; ‘लाज वाटते’ आणि ‘संकोच वाटतो’ यांत फरक आहे, आणि गुण त्या फरकावर हलतात. शिवाय ‘तुला तुझं नाक आवडतं का?’ हा प्रश्न गावाकडच्या मुलीला मिरवल्यासारखा वाटतो. ती म्हणते, ‘बरंय.’ या कामात ‘बरंय’वर विसंबून राहण्याइतकं घातक काही नाही. ‘बरंय’ आलं की थांबायचं आणि कालच्या दिवसाबद्दल विचारायचं: काल मधल्या सुट्टीत काय खाल्लं, कुणाशेजारी बसलीस, वर्गात काय बोललीस?

शाळेचे ४१ गुण कशामुळे, हे हजेरीनं उलगडलं. गुरुजी भले होते. तिला ‘हजर’ म्हणताना त्रास होतो म्हणून त्यांनी हात वर केला तरी चालेल असं सांगितलं, आणि कवितेच्या पाठांतरातून, प्रकट वाचनातून तिला सूट दिली. चौथीत तिनं वर्गात एकही वाक्य मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पोरं मागून ‘गेंगाणी’ म्हणायची ते तिनं चार ओळींत सांगितलं. सूट मिळाल्याबद्दल मात्र बराच वेळ बोलत राहिली.

आवाज कुठून गळतो

कान आधी. टाळूचे स्नायूच कानाची नळी उघडतात, त्यामुळे दुभंगात मधल्या कानात पाणी साठणं जवळजवळ ठरलेलं. डाव्या कानाला ३० डेसिबलच्या आसपास कमी ऐकू येत होतं, कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारा आलेख सपाट. ती चौथ्या बाकावर, खिडकीशी, डावा कान फळ्याकडे. त्याच दिवशी गुरुजींना चिठ्ठी दिली: पहिला बाक, उजवा कान शिकवणाऱ्याकडे. फुकटचा उपचार तेवढाच.

मग बोलणं. मराठी नात्यांची नावं या तपासणीला जणू मुद्दाम बनवली आहेत. ‘आई’त व्यंजनच नाही, ‘मामा’ आणि ‘नाना’ नाकातलेच. म्हणून ही माणसं तिच्या तोंडून नीट येतात. ‘बाबा’चं ‘मामा’ होतं, ‘दादा’चं ‘नाना’, कारण टाळूचा मागचा पडदा घशाच्या भिंतीला टेकत नाही आणि दाबाची हवा नाकात निसटते. ‘काका’ घशात अडतो. नाकपुड्यांखाली छोटा आरसा धरून ‘पापा’ म्हणायला लावलं, आरसा धुकटला. नाक चिमटीत धरून ‘बाबा’ म्हणायला लावलं, ‘बाबा’ स्वच्छ आला: म्हणजे ओठ काम करतात, गळती वर आहे. नाक धरूनही ‘काका’ बदलला नाही: म्हणजे ती सवय, गळती नव्हे. दंतवैद्यकातलं मऊ मेण भोकावर दाबून पुन्हा ऐकलं. ‘त’ थोडा सुधारला, गेंगाणेपणा तसाच. मुख्य दोष पुढच्या भोकाचा नसून मागच्या पडद्याचा, हे पाच मिनिटांत ठरलं.

नाकातून दुर्बीण घालून पाहिल्यावर पडदा मध्यावर थोडक्यात कमी पडताना दिसला. स्नायूचा पट्टा मागे आडवा असायला हवा तो पुढे, हाडाच्या कडेला चिकटलेला होता. सव्वादोन वर्षांची असताना कातडी जुळली होती, स्नायू जागेवर नेला गेला नव्हता. फट लहान असल्यानं टाळूच पुन्हा उघडून, फरलो पद्धतीनं उलटसुलट झेड आकाराचे पदर फिरवून स्नायू मागे न्यायचा आणि पडदा लांबवायचा असं ठरलं. फट मोठी असती तर घशाच्या भिंतीचा पदर टाळूला जोडावा लागला असता. त्यात आवाज सुधारतो, पण झोपेत श्वास अडण्याचा धोका वाढतो. लहान फटीला मोठी शस्त्रक्रिया करू नये.

नाकाबद्दल घरच्यांना स्पष्ट सांगितलं. डाव्या नाकपुडीखाली हाडच नाही, पाया नसलेल्या भिंतीला गिलावा करून उपयोग नाही. शिवाय नाकाची मुख्य दुरुस्ती चेहऱ्याची वाढ थांबल्यावर, मुलींत साधारण १५-१६च्या पुढे. आई नाराज झाली. तो राग रास्त आहे. दहा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला आणखी पाच वर्षं सांगताना नुसतं ‘थांबा’ न म्हणता मधल्या प्रत्येक वर्षी काय होणार ते कागदावर लिहून द्यावं लागतं. दिलं.

मे ते मे

शस्त्रक्रिया मे महिन्यात ठेवली, कारण आईबाप ऑक्टोबरपर्यंत घरी. त्याच भुलीत डाव्या कानाच्या पडद्यात नळी बसवली. पहिले तीन आठवडे पेज, ताक, वरणाचं पाणी, मऊ खिमट. कपातून प्यायचं, स्ट्रॉ नाही, तोंडात खोल चमचा नाही, प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट साधं पाणी. भाकरी, चिवडा, शेंगदाणे महिनाभर बंद. दहाव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत तिनं जिलबी खाल्लीच, आणि मागच्या टोकाला शिवण ३-४ मिलिमीटर उसवली. ती आपोआप भरली. पुढे, हाडाच्या कडेशी उसवली असती तर नवं भोक पडलं असतं. मेची तारीख द्यायची तर लग्नसराईचा विचार तारीख देणाऱ्यानं करायचा. रात्री घोरणं वाढतं, सूज उतरली की काही आठवड्यांत कमी होतं. घोरताना मधेच श्वास थांबून मूल दचकून उठत असेल तर वाट न पाहता दाखवायचं.

पुढचं भोक हाड भरताना बंद होणार होतं. तोवर जेवताना लावायला ॲक्रिलिकची पातळ झाकणपट्टी दिली. पट्टी छान बसली, पण जेवणानंतर ती काढून धुवावी लागते, आणि शाळेच्या नळावर सगळ्यांसमोर तोंडातून काही काढणं तिला मान्य नव्हतं. दोन आठवडे पट्टी दप्तरात पडून होती. मग सकाळी घरी लावायची, शाळेत काढायची नाही, मधल्या सुट्टीनंतर पाणी खुळखुळायचं, घरी आल्यावर ब्रशनं धुवायची अशी तडजोड केली. पुस्तकाप्रमाणे चूक, पण ती जूनमध्ये शाळेत पाणी पिऊ लागली.

सहा आठवड्यांनी वाचा उपचार. आवाज शस्त्रक्रियेनंतर आपोआप बदलेल अशी घरच्यांची अपेक्षा असते. तसं होत नाही. पडदा आता टेकतो, पण जिभेला आणि घशाला ते ठाऊक नाही. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, बासरी, शंख हे गावोगाव सांगितलं जातं. त्यानं फुगे चांगले फुगवता येतात, बोलणं सुधारत नाही. आवाज आवाजानंच शिकवावा लागतो.

युक्ती आधीच्या बिघाडातच होती. ‘मामा’ तिला येतो. ‘मामा’ म्हणताना नाक चिमटीत धरायचं, तोंडातून ‘बाबा’ बाहेर पडतो. ‘नाना’ धरून ‘दादा’. पहिल्या दिवशी दहापैकी दहा वेळा आला तशी ती हसली, मग नाक सोडून पहिल्या प्रयत्नात पुन्हा ‘मामा’. पुढचे तीन आठवडे चिमटी अर्धी सोडणं, नुसतं बोट टेकवणं, मग बोट काढणं. ‘प’साठी लांब ‘ह’ सोडत सोडत ओठ मिटायचे, म्हणजे घशाला खटका मारायला वेळच मिळत नाही. एका आठवड्यात एकच आवाज. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. रविवारी एक तास घेऊन भागत नाही. सप्टेंबरअखेर प, ब, त, द शब्दांत बसले. ‘क’ अजून घशातच.

ऑक्टोबरमध्ये आईबाप गेले. सराव आजीकडे आला आणि उपचार फोनवर. व्हिडिओ कॉलवर ‘स’, ‘श’ आणि नाकातून सुटणारी बारीक हवा नीट ऐकू येत नाही. म्हणून कॉलवर फक्त प-ब-त-द-क, आणि ‘स’ महिन्यातून एकदा समोरासमोर. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कान तयार होता. चुकीचा ‘क’ ती दर वेळी पकडायची.

शाळेत सूट रद्द झाली. तिच्या जागी असं ठरलं: उद्या वाचायच्या चार ओळी आज घरी द्यायच्या. अचानक उभं करायचं नाही, वगळायचंही नाही. हजेरीला ‘हजर’ तोंडानं, जसं येईल तसं.

नोव्हेंबरपासून वरचा जबडा रुंद करायची तार. आत कोसळलेला डावा तुकडा बाहेर आणल्याशिवाय हाड भरायला जागा होत नाही. ही तार टाळूवर पक्की बसते, म्हणून झाकणपट्टी बंद. तुकडे लांब जातात तसं भोकही रुंदावतं. जानेवारीत खाणंपिणं पुन्हा अवघड झालं आणि पाण्याची बाटली पुन्हा दप्तरात भरलेली परत येऊ लागली. या काळात हाल वाढतात हे आधी सांगितलेलं होतं, तरी आजी तार काढा म्हणून एकदा भांडून गेली. तार काढली असती तर दोन महिन्यांचं काम वाया गेलं असतं. तारेच्या भेटी चार ते सहा आठवड्यांनी असतात. शस्त्रक्रिया मोफत होते, पण एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज घरचाच, आणि उपचार सुटतात ते बहुधा याच टप्प्यावर.

दुसऱ्या मेमध्ये, अकराव्या वर्षी, कमरेच्या हाडातला मऊ गर काढून हिरडीच्या दुभंगात भरला आणि भोक बंद केलं. ही वेळ सुळ्यावर ठरते: त्याचं मूळ अर्धं ते दोन-तृतीयांश झालेलं असावं आणि तो अजून उतरलेला नसावा, म्हणजे तो नव्या हाडातून खाली येतो आणि त्या हाडाला काम मिळतं. फसतं ते बहुतेक घाणीमुळे. दुभंगाशेजारचे किडलेले, जादाचे दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, आणि दुखतंय म्हणून दात घासणं थांबवायचं नाही. पोरं तोंडापेक्षा कमरेची तक्रार जास्त करतात. आठवडा-दहा दिवस लंगडत चालणं अपेक्षित आहे. पळणं, उड्या, सायकल सहा आठवडे बंद. नोव्हेंबरच्या क्ष-किरणात हाड धरलेलं दिसलं, सुळा खाली सरकत होता.

बाराव्या वर्षी

तीच प्रश्नावली, तशीच एकटीला बसवून. खाण्यापिण्याच्या यादीतल्या तक्रारी जवळजवळ सरल्या. बोलणं ३०चं ६२, मनस्ताप ३३चा ६६, शाळा ४१ची ७०. दोन-चार गुणांची हालचाल धरायची नसते, पण ही तशी नाही. बोलणं अजून ६२च आहे, आणि कानालाही तेच पटतं: दमली की गेंगाणेपणा येतो, ‘क’ जोडाक्षरात घसरतो, ‘स’ पुढच्या वाकड्या दातांमुळे शिटी मारतो. डाव्या कानातली नळी पडून गेली आहे, ऐकणं दर सहा महिन्यांनी तपासायचं.

नाक ६४ होतं, ते ५२ झालं. नाकाला या दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पाणी आणि आवाज हे रोजचे प्रश्न मागे पडले, वय बारा झालं, आणि आरशात पहिल्यांदा नाक दिसलं. दहाव्या वर्षी जी मागणी आईची होती ती आता तिची स्वतःची आहे, म्हणून यादीत वर घेतली. वरचा जबडा खालच्यापेक्षा मागे पडू लागलाय का हे बाजूच्या क्ष-किरणात दरवर्षी मोजायचं. पडला तर वाढ संपल्यावर आधी जबडा पुढे आणायचा, नाक त्यानंतर. नाहीतर जबडा हलला की दुरुस्त केलेलं नाक पुन्हा बिघडतं.

पुढची तारीख एप्रिलची, पट्टा पडल्यानंतरची. कागद करताना खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, नाव काय? आजीनं तोंड उघडलं होतं. मुलीनं ‘प’ जरा जास्तच जोरात म्हटला.